एकच गाणं, ८३ मिनिटं: 'मिरर रीपर' पहिल्यांदा ऐकणाऱ्यांसाठी

दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, की अरे तू ते काय ते संथ रडकं मेटल ऐकतोस, त्यात नक्की आहे तरी काय. मी दरवेळी तोंडी समजवायला जातो आणि दरवेळी फसतो. म्हणून यावेळी लिहूनच काढतोय, एकच अल्बम घेऊन, पायरीपायरीने. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवायचं आणि मोकळं व्हायचं.

अल्बम आहे बेल विच या बँडचा, नाव 'मिरर रीपर', २०१७ च्या ऑक्टोबरात आलेला. त्यात एकच गाणं आहे आणि ते ८३ मिनिटांचं आहे. हो, एकच. विरारहून फास्ट लोकल पकडून चर्चगेटला उतरेपर्यंत साधारण तेवढाच वेळ जातो. त्यात नेहमीची गिटार नाही. बँडमध्ये माणसं दोनच, एक बास (जाड तारांची, खालच्या सुरांची गिटार) वाजवतो आणि एक ड्रम, दोघंही गातात (गातात म्हणजे काय ते पुढे येईल).

माझी पहिली वेळ पार वाया गेलेली. पुण्यात खोली घेऊन राहायचो तेव्हा, संध्याकाळी लॅपटॉपवर लावला आणि समोर किलोभर मटार घेऊन सोलत बसलो, म्हटलं काम पण होईल आणि ऐकून पण होईल. पाच-सात मिनिटं झाली असतील, रूममेट आतून ओरडला, "नेट गेलंय का रे?" त्याला वाटलं गाणं अडकतंय. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं, मधूनच एक टण्ण, मग काहीच नाही, मग परत टण्ण, मी दोनदा हात पुसून स्क्रीन बघून आलो की बार पुढे सरकतोय ना. सरकत होता. बंद केला आणि पुढे वर्षभर त्या वाटेला गेलो नाही. चूक अल्बमची नव्हती, स्पीकरची होती आणि मटारची होती.

आधी जरा ओळखपाळख

मेटल म्हटलं की लोकांच्या डोक्यात वेग येतो, केस उडवणं येतं. डूम, म्हणजे हा संथ प्रकार, त्याच घरातला पण उलट्या दिशेने चालणारा. गंमत म्हणजे घराण्याचा मूळपुरुष दोघांचा एकच, बर्मिंगहमचा ब्लॅक सॅबथ, पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७०. त्यांचा गिटारिस्ट टोनी आयोमी डावखुरा, पोरवयात पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता आणि तिथे मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे नेमकी तारा दाबायच्या हाताची. पठ्ठ्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून चामडं चिकटवलं आणि परत वाजवायला बसला. दुखऱ्या बोटांना तारा ताणायला सोप्या जाव्यात म्हणून त्या सैल करत गेला, आणि तार सैल केली की सूर खाली उतरतो, तिसऱ्या अल्बमपर्यंत बरीचशी गाणी नेहमीच्या पट्टीपेक्षा तीन अर्धस्वर खाली. आज जगभर डूमचा जो जडपणा लोक मुद्दाम शोधतात, त्याच्या मुळाशी कारखान्यातला एक अपघातही आहे.

पुढची वंशावळ पटकन सांगतो. १९८६ ला स्वीडनच्या कँडलमासने हे सगळं अजून भव्य, देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखं केलं. नव्वदच्या सुरुवातीला उत्तर इंग्लंडच्या गारठ्यातून माय डाइंग ब्राइडसारखे बँड आले, त्यांनी यात व्हायोलिन आणलं आणि गुरगुरता आवाज आणला. आणि त्याच सुमाराला फिनलंडमध्ये थरगोथॉन आणि स्केप्टिसिझम या दोन बँडनी वेग इतका उतरवला की लोकांनी त्याला फ्युनरल डूम नाव दिलं. नावातच तिरडी. बेल विच या शेवटच्या फांदीवरचे, पण फिनलंडचे नाहीत, अमेरिकेत सिअ‍ॅटलचे, आणि नाव घेतलंय टेनेसीतल्या एका जुन्या भुताटकीच्या दंतकथेवरून.

एवढी माहिती पुरे. आता कामाला लागू.

पायरी १: कानाला काय लावायचं

ही पायरी चुकली तर बाकीच्या वाचूच नका.

बास गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सेकंदाला ४१ वेळा थरथरते. मोबाइलचा किंवा लॅपटॉपचा बारका स्पीकर शंभर-दीडशे हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या थरथरींच्या) खाली जवळपास मुका असतो. आता ज्या अल्बममध्ये गिटारच नाही, सगळा डोलारा बासवर उभा आहे, तो अशा स्पीकरवर लावणं म्हणजे आमरस-पुरीच्या पंगतीत नुसत्या पुऱ्या वाढणं. त्या संध्याकाळी मला जे टण्ण ऐकू येत होतं ते झांजेचं आणि बासच्या वरच्या सुरांचं टोक होतं, खालचा डोंगर त्या स्पीकरमधून बाहेर पडतच नव्हता.

तर कानावर पूर्ण बसणारे हेडफोन घ्या. महागातले लागत नाहीत, कोणाचे तरी उसने आणा, मी तेच केलं. कानात घालायचे इअरफोन पण चालतील पण ते नीट घट्ट बसले पाहिजेत, सैल असले की खालचे सूर आधी गळतात. बेस बूस्ट नावाचं बटण असेल तर बंद. हे ऐकून लोक चक्रावतात, पण ते बटण लग्नाच्या डीजेसाठी बनवलंय, इथे खालचे सूर आधीच भरपूर आहेत, वरून अजून फुगवले की सगळं पिठल्यासारखं एकजीव होतं आणि आपल्याला तर वेगळं वेगळं ऐकायचंय. घरात मोठे स्पीकर असतील तर त्याहून भारी काही नाही, कारण खालचा सूर छातीला आणि खुर्चीला पण कळतो, फक्त शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत ते बघून.

आणि आवाज: सुरुवात खूप हळू आहे, नुसती बास, साधी स्वच्छ. ती बारीक वाटली म्हणून आवाज वाढवू नका. पुढे जेव्हा सगळं वजन एकदम येतं तेव्हा तुम्ही हेडफोन फेकून द्याल. कुठेही लावा, पूर्ण आवाजात ८३ मिनिटं नको, कान पुढेही लागणार आहेत.

पायरी २: देवघरातली घंटी

ही पायरी माझी स्वतःची आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. अल्बम लावायच्या आधी देवघरातली घंटी घ्या. (घरातल्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, माझ्या आईने "आता काय आरती करतोस का" विचारलं होतं.) एकदाच वाजवा, लोलक परत लागू देऊ नका, आणि आवाज पूर्ण संपेपर्यंत ऐका. पूर्ण म्हणजे पूर्ण. आधी तो टोचणारा ट्रिंग जातो, मग एक मधला सूर राहतो, मग तोही जातो आणि खाली एक गुणगुण उरते जी किंचित हेलकावे खाते, आणि ती नक्की कधी संपली ते सांगता येत नाही. परत वाजवा. तीनदा करा.

आपण एरवी घंटीचा आवाज म्हणजे तो ट्रिंग धरतो. पण वेळेच्या हिशेबात ट्रिंग अगदी चिमूटभर, बाकी सगळी शेपूट. वेगवान गाण्यात ही शेपूट ऐकायला फुरसतच नसते, एक सूर संपायच्या आत पुढचा त्याच्या डोक्यावर येऊन बसतो. डूममध्ये माल शेपटीत आहे. ठोका हे फक्त दार उघडणं.

आणि बेल विचची शेपूट घंटीपेक्षा जास्त गुंतागुंतीची आहे कारण मध्ये डिस्टॉर्शन आहे. डिस्टॉर्शन काय करतं, तर आवाजाच्या लाटेचे माथे छाटतं. माथे छाटल्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, जोरातला आवाज आणि थकलेला आवाज यातला फरक कमी होतो, त्यामुळे तार दमत आली तरी सूर बराच वेळ तगून राहतो. दुसरं, छाटलेल्या लाटेतून वरचे वरचे नवे सूर फुटतात जे तारेत तितके नव्हतेच. म्हणजे एकच सूर छेडला तरी तो जागच्या जागी बदलत राहतो, आधी जाडजूड, मग त्याच्यातला एक थर गळतो, मग अचानक एखादा वरचा सूर शिट्टीसारखा पुढे येतो. आणि दोन सूर एकदम वाजले आणि ते अगदी जवळजवळचे असले तर त्यांच्यात लाट पडते, वंव-वंव-वंव. तंबोरा जुळवताना ज्यांनी ऐकलंय त्यांना ही लाट माहितीये, तारा जुळत आल्या की ती लांब लांब होत जाते आणि जुळल्या की थांबते. इथे ती थांबवायची घाई कोणाला नसते.

डिलन डेस्मंड, म्हणजे यांचा बासवाला, सहा तारांची बास वाजवतो, आणि बऱ्याचदा दोन्ही हात तारांच्या पट्टीवरच ठेवून, एका हाताने खालचा सूर धरून दुसऱ्याने वर चाल काढत. म्हणून गिटार नसल्याचं पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कळतही नाही. मला तरी नव्हतं कळलं, नंतर वाचल्यावर परत जाऊन ऐकलं.

पायरी ३: वेळ

दीड तास सलग. यात काही सूट नाहीये. ऑफिसचं काम करता करता नको, गाडी चालवताना तर मुळीच नको, आणि झोपायला म्हणून लावू नका, झोप लागेल पण मग चाळिसाव्या मिनिटाला दचकून उठाल.

पावसाळी रात्रच पाहिजे असं काही नाही, हे पावसाचं कौतुक लोकांनी उगाच चिकटवलंय. मी पहिल्यांदा पूर्ण ऐकला तो मे महिन्यातल्या दुपारी, गावच्या घरी, सगळे जेवून आडवे झालेले, खिडकीला ओला पडदा लावलेला. एकच अडचण आली, पंखा. सिलिंग फॅनची घरघर बासच्या खालच्या सुरांवर नेमकी बसते आणि सुरुवातीचा सगळा शांत भाग खाऊन टाकते. पंखा बंद केला. घामाने निथळलो पण ऐकला.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. जर गाणंच मोबाइलवर असेल तर फ्लाइट मोड आणि पालथा ठेवायचा, म्हणजे किती मिनिटं झाली ते दिसणार नाही, याचं कारण पायरी ५ मध्ये. काही ठिकाणी हा अल्बम दोन तुकड्यांत मिळतो, साधारण ४८ आणि ३५ मिनिटांचे, त्याचंही कारण साधं आहे, सीडीवर जेमतेम ८० मिनिटं मावतात, म्हणून सीडीवर तो दोन भागांत आला. तुकडे असतील तर मध्ये उठू नका म्हणजे झालं.

पायरी ४: आत काय काय आहे

काही जण म्हणतील की आधीच सांगितलं तर मजा जाते. इथे नाही जात. गड चढताना वाटेत टाकं कुठे आहे ते माहीत असलं की पाय बरे चालतात.

सुरुवातीला बास एकटी. सूर, जागा, सूर, जागा. मग ड्रम येतात आणि त्याबरोबर सगळं वजन येतं. ड्रमवर जेसी श्राइबमन, हॅमंड ऑर्गनही त्याचाच, आणि तो ऑर्गन पहिल्या वेळी बहुतेक ऐकूच येणार नाही, तो खाली कुठेतरी भिंतीत ओल यावी तसा आलेला असतो. मग आवाज. खोल गुरगुर, शब्द कळत नाहीत. कळायला पाहिजेत असंही नाही, पहिल्या वेळी तर शब्द शोधूच नका, ते एक वाद्य आहे असं धरा. आणि घसा फाडून ओरडणं नसतं बरं का ते, नीट शिकून केलेलं असतं, नाहीतर दीड तासाच्या गाण्यात दहाव्या मिनिटाला माणूस मुका होईल.

पहिला भाग असाच चढत-उतरत जातो, डोंगराची एक धार, मग दरी, मग परत धार.

आणि मध्याच्या आसपास एक आवाज येतो जो या दोघांपैकी कोणाचाच नाही.

तो एड्रियन गेराचा आहे. बेल विच सुरू करणाऱ्यांपैकी एक, पहिल्या दोन अल्बमवर ड्रम आणि आवाज त्याचा. २०१५ मध्ये तो बँडमधून बाहेर पडला, त्याच्या जागी श्राइबमन आला, आणि २०१६ च्या मे महिन्यात, हा अल्बम तयार होत असताना, गेरा वारला. आधीच्या अल्बमच्या रेकॉर्डिंगमधले त्याच्या आवाजाचे काही तुकडे न वापरता तसेच राहिले होते. ते यांनी काढले आणि या गाण्याच्या मधोमध ठेवले. त्या भागाला नाव दिलंय मृतांचे शब्द अशा अर्थाचं. गाण्याचा पहिला अर्धा भाग वरचा, दुसरा खालचा, मध्ये आरसा, आणि आरशाच्या रेषेवर तो.

मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हे माहीत नव्हतं आणि तरी त्या जागी काहीतरी बदललं एवढं जाणवलं. नंतर कळलं आणि मग एक जुनी गोष्ट डोक्यात जुळली. आमचे आजोबा गेले तेव्हा मी बारावीत होतो. त्या दिवशी घरात चूल नाही, शेजारच्या काकू पिठलं-भाताचं पातेलं ठेवून गेल्या, आणि मग दिवसभर माणसं भेटायला. येणारा दारात चपला काढायचा, आत येऊन सतरंजीवर बसायचा, आणि बोलायचं काहीच नाही. मला आठवतंय गल्लीच्या कोपऱ्यावरचे एक काका तासभर बसले, मध्ये एकदा "हं" म्हणाले, आणि उठून गेले. तेव्हा मला चीड आली होती, की काही बोलायचं नव्हतं तर आलात कशाला. वर्षांनी कळलं की ते बसायलाच आले होते.

हा अल्बम बसून राहतो. एवढंच करतो तो. सांत्वन करत नाही, रडून दाखवत नाही, आपला मित्र कसा होता वगैरे भाषण देत नाही, सूर काढतो आणि तो सूर विझेपर्यंत तुमच्याबरोबर थांबतो, मग दुसरा. असं काही दोन मिनिटांच्या गाण्यात होऊच शकत नाही, कारण दोन मिनिटांत बसणं होत नाही, डोकावणं होतं. वेग उगाच उतरवलेला नाहीये.

म्हणून हे ऐकून डिप्रेशन येत नाही का या प्रश्नाला माझं उत्तर आहे की मला उलट हलकं वाटतं, पण तुमच्या घरी नुकतंच काही घडलं असेल तर थोडे दिवस जाऊ द्या, घाई नाहीये, अल्बम कुठे पळून जात नाही.

दुसऱ्या भागात गुरगुर बरीच मागे पडते आणि एक साधा, उघडा, गाणारा आवाज येतो, एरिक मॉग्रिज नावाच्या पाहुण्याचा. इथे पुष्कळ जागा मोकळी आहे. पहिल्या वेळी हाच भाग लोकांना आवडतो, मलाही, आणि दहाव्या वेळी पहिला.

पायरी ५: कंटाळा

येणार. नाही आला तर तुम्ही खोटं बोलताय.

साधारण दहाव्या ते पंधराव्या मिनिटाच्या मध्ये येतो. यालाही शरीराचं कारण आहे, मिनिटाला ६० ठोके म्हणजे सेकंदाला एक, तिथपर्यंत पाय आपोआप ठेका धरतो, पण दोन ठोक्यांमधलं अंतर दोनेक सेकंदांच्या पलीकडे गेलं की ठेका धरणं अवघड होतं, प्रत्येक ठोका एकटा एकटा पडतो, आणि पुढचा नक्की कधी येणार ते सांगता येत नाही. मग मेंदू वैतागतो आणि तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅप आठवतं.

तेव्हा हे करा: मोजू नका. मोजणं ही पहिली चूक आणि मिनिटांचा बार बघणं ही दुसरी. त्याऐवजी एकच गोष्ट धरा, मी झांज धरतो. श्राइबमन झांजेवर मारतो आणि ती पसरत जाते, तिच्या पाठीमागे जा, जिथे ती बासमध्ये मिसळून दिसेनाशी होते तिथपर्यंत. घंटीवर जे केलं तेच. ती हरवली की तेवढ्यात पुढचा ठोका आलेला असतो आणि तुम्ही वाट बघत बसलेले नसता. असं पाच-सहा वेळा झालं की मग करावं लागत नाही.

ड्रमवाल्याचं काम किती अवघड आहे तेही तेव्हाच कळतं. फास्ट वाजवताना एखादा ठोका किंचित मागेपुढे झाला तर गर्दीत लपतो. इथे लपायला जागाच नाही, हात वर गेला, आता तो नेमका कधी खाली येणार, आणि दोघांचा एकदम यायला पाहिजे.

जाता जाता, विलंबित ख्याल ऐकणाऱ्यांसाठी. तुम्ही अर्धी लढाई जिंकलेली आहे. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ज्याने बसून ऐकलाय किंवा बारा मात्रांचा एकताल एका आवर्तनाला जवळपास मिनिट घेताना ज्याने सोसलाय, त्याला संथपणाची भीती दाखवू नका. पण एक सावधान करतो, माझा एक गाणं शिकलेला मित्र नेमका इथेच आपटला. तो समेची वाट बघत बसला. विलंबितात जागा कितीही मोठी असली तरी तबला खाली सांगत असतो की आपण कुठे आहोत, आणि सम आली की सगळी मैफल "हां" म्हणून मान टाकते. शिवाय नंतर द्रुत येणार हे ठरलेलं, ताण सुटणार आहे याची खात्री. बेल विचकडे द्रुत नाही. सुटका नाही. मित्र साठाव्या मिनिटाला म्हणाला, "आता तरी तराणा येऊ दे रे." नाही आला. तर लयीचा धीर तिकडून आणा, समेची अपेक्षा तिकडेच ठेवून या.

पायरी ६: तरीही जमत नसेल तर

तर थेट चौपाटीवरून समुद्रात उडी मारायला लावली ही माझी चूक, आधी पाय ओले करा. पॉलबेअररचा २०१२ चा 'सॉरो अँड एक्स्टिंक्शन' घ्या, अमेरिकेत लिटल रॉकचा बँड, पाच गाणी, आवाज स्वच्छ गाणारा, सुरुवातच साध्या अकूस्टिक गिटारने. किंवा इंग्लंडच्या वॉर्निंगचा २००६ चा 'वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स', हाही पाच गाण्यांचा, आणि यात भुतं-स्मशान काही नाही, एका माणसाचं मन मोडलंय एवढंच, पण ते इतकं उघडं आहे की पहिल्यांदा ऐकताना थोडं लाजायला होतं. मला विचाराल तर दोघांत हा मोठा. ज्यांना गोष्ट लागते त्यांच्यासाठी जर्मनीच्या अहाबचा पहिला अल्बम, तोही २००६ चाच, देवमाशाच्या मागे लागलेल्या कप्तानाच्या जुन्या कादंबरीवर बेतलेला, समुद्राचा लोंढा खरंच कानावर येतो.

आपल्याकडे काही आहे का, हा प्रश्न येतोच. आहे, बेंगळुरूचा बेवार सी. यांचं दळण फ्युनरल नाही, जास्त जुन्या सॅबथ वळणाचं आणि मजेचं, पण जडपणा पुरेपूर. आणि नाव हळू म्हणून बघा, कन्नडमधली शिवी आहे, आपल्या 'बेवारशी'ची सख्खी बहीण.

हे पचलं की मग परत 'मिरर रीपर'. सहा महिन्यांनी या, वर्षाने या. आणि हा आवडला तर बेल विचनेच २०२३ मध्ये 'द क्लँडेस्टाइन गेट' काढलाय, परत एकच गाणं, परत ८३ मिनिटं, आणि तो तीन भागांतला फक्त पहिला आहे असं त्यांनी सांगितलंय.

पायरी ७: शेवटची, आणि हसू नका

गाणं संपतं ते संपल्यासारखं संपत नाही, हळूहळू विझत जातं, घंटीच्या त्या शेवटच्या गुणगुणीसारखं, आणि नक्की कुठे संपलं ते कळत नाही. त्या मे महिन्याच्या दुपारी मी तिथपर्यंत पोचलो, डोळे मिटलेले, घाम मानेवरून चाललेला, बाहेर एक कावळा, आणि मी कान देऊन ऐकतोय की अजून उरलंय का, उरलंय का, आणि बरोबर त्या क्षणी अ‍ॅपने स्वतःच्या मनाने पुढचं गाणं लावलं. हळदीत नाचायचं. ढोल-ताशासकट.

ऑटोप्ले आधी बंद करून ठेवा.